कंबरभर कठडा

सिद्धलिंगला लेखक व्हायचं होतं. मानवत गावातल्या भांड्यांच्या दुकानात तो नावं घालायला बसला, तेव्हा लोक म्हणाले, झाला बघा एकदाचा लेखक. तोही हसला. चिडून करतो काय? कॉलेजात लिहिलेली कादंबरी माळ्यावर वाळवीनं वाचून काढली होती. मग बिनपगारी मास्तरकी झाली, मग पेपरची बातमीदारी. पेपरानं तालुक्याचं पान बंद केलं आणि हातात पेनाऐवजी घरघरणारी सुई आली. दिवसभर 'चि. सौ. कां.' आणि 'सप्रेम भेट'. पण हे काम त्याला मानवलं होतं. भांड्यावर खोटं लिहावं लागत नाही, एवढं एक सुख होतं.

बाजाराच्या दिवशी झरीकडची कडूबाई कळशी घेऊन आली. थोरल्या लेकीच्या, राजेश्रीच्या रुखवतातली. लेक चार वर्षांपूर्वी सासरच्या विहिरीत गेली. कळशी आता कुठं परत आली होती. तिनं कळशीतून पेपरचं एक कात्रण काढलं.

"ह्यात लिवलेलं खोटं हाय," ती म्हणाली. "खरं हाय ते कळशीवर लिवा. कागद फाटतो, ही न्हाई फाटत."

सिद्धलिंगनं कात्रण उघडलं आणि पहिल्याच नजरेत ओळखलं. 'पाय घसरून विवाहितेचा मृत्यू.' चार ओळी, त्याच्याच. त्या दिवशी तो विहिरीवर गेला होता. विहिरीला कंबरभर कठडा होता, त्यानं हात लावून पाहिला होता. पण मुलीचा सासरा दर दिवाळीला पेपरला अर्धं पान जाहिरात द्यायचा. त्यानं सांगितलं तसं यानं लिहिलं. एवढं करून पान बंद व्हायचं ते झालंच.

बाईला वाचता येत नव्हतं. दोन गोड ओळी कोरून तिची बोळवण केली असती, तरी कुणाला पत्ता लागला नसता. हे आपल्याला इतक्या चटकन सुचलं, याचीच त्याला शरम वाटली.

त्यानं मशीन सुरू केलं. बऱ्याच वेळानं थांबवलं आणि मान वर न करता वाचून दाखवलं.

"विहिरीला कंबरभर कठडा होता. पाय घसरून कुणी त्यावरून पडत नाही. हे मी त्याच दिवशी पाहिलं आणि खोटी बातमी लिहिली. सिद्धलिंग, बातमीदार."

कडूबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. ती शिव्या देईल म्हणून तो वाट बघत होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमीच व्हय ते," ती म्हणाली. "पेपरात आलंय म्हणून आमी इसवास ठिवला, भाऊ. थोरलीच्या जागी धाकटीला दिली त्याच घरात. सविता परवा पळून आली, ही कळशी घिऊन. तिलाबी त्याच कठड्यापाशी नेलं व्हतं."

तिनं कात्रणाची घडी करून परत आत टाकली, कळशी कडेवर घेतली आणि बस गाठायला निघून गेली.

पुढच्या गिऱ्हाइकानं डबा समोर ठेवला. त्यावर नाव काय घालायचं, हे सिद्धलिंगला तीनदा विचारावं लागलं.