सी देऊ नका

भिवंडीत दिवसभर कुणी ना कुणी म्हणतच असतं, "ये सी दो." लूमवाले, हमाल, चेन तुटलेली पर्स घेऊन आलेल्या बाया. सी देना म्हणजे शिवून देणं. आमच्या माजिदाआपासमोर मात्र हा शब्द काढायची सोय नाही. चुकून कुणी काढला की तिची मशीन थांबते आणि पुढचा अर्धा दिवस ती कामातून जाते. मग शेजारच्या मशीनवरून मीच गिऱ्हाइकाला दटावते, "शिवून द्या म्हण की, जीभ झिजते का तुझी?"

आपा पतंग शिवते. मांज्याचे नव्हेत, खोलीभर मोठे, समुद्रावरचे. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, आणि वरचा पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. किनाऱ्यावर हा खेळ शिकवणारा प्रितेश फाटके पतंग तिच्याकडे पाठवायचा. त्यांची ने-आण करता करता तिचा मुलगा फहाद स्वतःच तरबेज झाला. त्याला वेड एकाच जातीचं. इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला, म्हणून त्या पतंगाचं नाव सी. नवे पतंग हातातली दांडी सोडली की वारा सोडून देतात. सी सहजासहजी सोडत नाही, ओढतच राहतो. म्हणून बहुतेकांनी तो केव्हाच टाकला होता. "बाकीचे पतंग म्हातारे हायत, अम्मी," फहाद हसायचा.

करोनानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी प्रितेशचा फोन आला. खाली लूमचा खडखडाट. "आपा, फहादला आज सी देऊ नका." वारा चढणार होता. पण आपाला पतंगांच्या जाती कुठे ठाऊक? घरात फहादही 'माझा लाल' एवढंच म्हणायचा. तिनं ऐकलं ते असं, की शिवून देऊ नका. पतंग तर आदल्याच दिवशी शिवून झाला होता, दुहेरी टाका घालून. प्रितेशला उशीर झाला, एवढंच तिला वाटलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी पतंगानं फहादला खडकांवर नेऊन आपटलं. पोर जागीच गेलं. शिवण शाबूत होती.

त्या लाल पतंगाचं नावच सी, हे आपाला तेव्हा कळलं आणि फोनवरचा निरोप उमगला, पण तोंड उघडेना. तिकडे प्रितेश प्रत्येक नव्या शिकाऊला बजावत राहिला, "फहादनं ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका." मेलेल्या पोराची एवढीच ओळख उरली. आपानं सगळं फक्त मला सांगितलं आहे. भर दुपारी शिवता शिवता ती दाराकडे बघून "सांगते रे, सांगते" म्हणते, आणि मला दाराकडे बघायचा धीर होत नाही.

परवा प्रितेश स्वतः आला. त्याच्याकडचा शेवटचा सी आणला होता. "आता कुणीच मागत नाही, आपा. याच्या पिशव्या करा. नव्या मुलांना सी माहीतही नाही, फहादचं सांगतो तेव्हाच कळतं."

आपानं कात्री खाली ठेवली.

"त्यानं ऐकलं न्हाय, असं नको बोलू," ती म्हणाली. "ऐकलं मी न्हाय. सी म्हंजे शिवायचं वाटलं मला. निघताना त्यानं विचारलं व्हतं, सरांचा काय निरोप? मी बोलले, काय न्हाय, जा."

प्रितेशचे डोळे भरले. त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "आई आहात तुम्ही. त्याच्यावर कशाला येऊ द्याल?"

"खरं हाय रे."

"ती खरं बोलतेय!" मी ओरडलेच.

"हो, आपा, हो," प्रितेश हळूच म्हणाला, आणि तिच्यासाठी मला पाणी आणायला सांगितलं.