मागदा, ओल्गा आणि एकच जिना

परवा कीरै घेऊन, म्हणजे पालेभाजी घेऊन, बस स्टॉपवर उभी होते. मागं दोघी बोलत होत्या. एक आमच्या गल्लीतली फुलवाली, दुसरी ओळखीची नव्हती. फुलवाली म्हणाली, "ती पोलंडची आहे ना, वीणावाली, तिनं त्या रशियावालीला पोलिसात दिलं म्हणे. आणि आता घर सोडून..."

एवढ्यात त्यांची बस आली. दोघी चढल्या, मी राहिले.

गल्लीतली गोष्ट मला पूर्ण माहीत होती आणि तरी मी गप्प राहिले, हे आमच्या ह्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण राहिले. का, ते शेवटी येईल.

असे किस्से साठत जातात. फ्रिजच्या दाराला जशा लग्नपत्रिका लावून ठेवतो, लग्न होऊन बाळ रांगायला लागलं तरी पत्रिका तिथंच, तसं माझं झालंय. आता थोड्या काढते.

मी दहावीपर्यंत शिकले, तीसुद्धा तमिळमधून. आम्ही तंजावरचे मराठी, घरात मराठी बोलतो, पण लिहायला कोणाला येतंय? ही अक्षरं मला समोरच्या रमणीबाईंनी शिकवली. त्या हेडमिस्ट्रेस होत्या. आमच्या गल्लीत ही अक्षरं वाचणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

रमणीबाई खाली राहतात. वर दोन पोर्शन. पुढचा मागदाचा, मागचा ओल्गाचा. जिना एकच.

*

मागदा पन्नाशीची, माझ्याच वयाची. पोलंडमध्ये व्हायोलिन बनवायची. तंजावरला फणसाच्या लाकडाची वीणा कशी कोरतात ते शिकायला सहा वर्षांपूर्वी आली ती राहिलीच. तमिळही वीणेच्या कारखान्यातच शिकली. त्यामुळे शिव्या आधी आल्या, नमस्कार मागून.

ती नवीन आली तेव्हा सगळे तिला रशियन समजायचे. कोपऱ्यावरचा औषधवाला तर खुर्ची द्यायचा. लहानपणी त्याच्याकडे रशियाहून आलेली तमिळ गोष्टींची पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची. त्याचा त्या देशावर फार जीव.

"रशिया?" त्यानं विचारलं.

"पोलंड."

"हां हां, म्हणजे रशियाच."

मागदा खुर्चीतून उठली. "तुम्हाला कोणी आंध्रवाला म्हटलं तर?"

"माझी बायको आंध्रची आहे."

"मग घरी जाऊन तिला तमिळ म्हणून बघा."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "म्हणून बघितलं, मॅडम. पोलंड म्हणजे पोलंड."

*

नोव्हेंबरात त्यांच्या स्वातंत्र्याचा दिवस असतो. पहिल्याच वर्षी त्या सकाळी मागदानं दारात कोलम काढलं. आमच्याकडे तांदळाच्या पिठाची पांढरी रांगोळी आणि तिला कावेचा लाल पट्टा, हे शुभच असतं. येणारी जाणारी सगळी खूश. परदेशी बाई, पण रीत कशी शिकली बघा.

कामवालीला वाटलं, पट्टा फक्त खालीच आहे, वर राहिलाय. तिनं कौतुकानं वरही एक ओढून दिला.

मागदा बाहेर आली, बघितलं, बादली आणली आणि सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून काढलं. वर पांढरा, खाली लाल.

मी म्हटलं, "अगं, इतकं काय त्यात?"

"अक्का, तो झेंडा आहे."

तेव्हा कुठं आम्हाला कळलं की सकाळपासून अर्धी गल्ली पोलंडला नमस्कार करून गेली होती.

*

तिच्या देशाचं कोणी काही विचारलं की ती बोटांवर मोजायला लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा आमचा. रेडियम शोधणारी बाई आमची, ती फ्रान्सची नव्हे, तिथं फक्त लग्न झालं. पियानोचा सगळ्यात मोठा माणूस आमचा, तोही फ्रान्सचा नव्हे.

कारखान्यातले म्हातारे आसारी, म्हणजे वीणा करणारे मुख्य सुतार, रंधा थांबवून एकदा म्हणाले, "आणि ही वीणा?"

मागदानं खरंच विचार केला. मग म्हणाली, "वीणा तुमची. वार्निश मात्र आमचं चांगलं."

आसारींनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते वार्निश कसं करतात ते दाखव."

*

एका संध्याकाळी रमणीबाईंकडे कॉफी चालली होती. मागदा सांगत होती, त्यांचा देश एकदा शंभरावर वर्षं नकाशावर नव्हताच. तिघांनी वाटून घेतला होता. तिच्या खापरपणजीच्या गावात शाळा रशियनमध्ये, कचेरी रशियनमध्ये. पोलिश फक्त घरात, तेही दार लावून.

"आणि माझ्या वेळी देश होता," ती म्हणाली, "पण शाळेत रशियन सक्तीचीच. मी शेवटच्या पेपराच्या दिवशी ठरवलं, आता यातलं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. विसरलेसुद्धा सगळं."

रमणीबाईंनी टंबलर खाली ठेवला. "आमची भाषा तर कोणी बंदही केली नाही गं," त्या म्हणाल्या. "आपली आपणच स्वयंपाकघरात जाऊन बसली."

मग त्यांनी मला ळ काढायला सांगितला. माझा ळ अजून लोळतो.

*

ओल्गा आली अडीच वर्षांपूर्वी. पस्तिशीची असेल. रोज टाउन बसनं तिरुवैयारुला गाणं शिकायला जाते. तिकडं लढाई सुरू झाल्यावर तिनं देश सोडला. "मी परत जाणार नाही" एवढं ती इंग्रजीत सांगते. तिचं इंग्रजी साधारण तेवढंच आहे.

ती आली त्या दिवशी मी एका ट्रेमध्ये तीन कॉफी घेऊन गेले. जिन्यातच दोघींना गाठलं.

"मागदा, बघ, तुझी शेजारीण. तुमच्या देशांची भिंत पण लागूनच ना?"

"हो अक्का," मागदा तमिळमध्ये म्हणाली. "म्हणून तर मी इतक्या लांब आले." स्वतःचा टंबलर उचलला आणि वर निघून गेली.

ओल्गानं मला विचारलं, "ती आजारी?"

मला काय सुचणार? म्हटलं, "हेडेक."

तेव्हापासून मागदानं दार आपटलं, मान फिरवली, काहीही केलं की ओल्गा हळूच मला विचारते, "हेडेक?" आणि मी हो म्हणते.

महिन्याभरात गच्चीवर कपडे वाळत घालायची दुसरी दोरी आली. पुढची मागदाची, मागची ओल्गाची. मधल्या जागेत कोणी जात नसे. आमच्या गच्चीवर ऊन कमी, म्हणून माझ्या साड्या तिथंच वाळतात, दोन्ही दोऱ्यांवर. त्यांना व्हिसा लागला नाही.

*

एकदा ओल्गाचं पार्सल आलं. ती घरी नव्हती. पोस्टमननं मागदाच्या हातात दिलं. वर सगळी ती त्यांची अक्षरं, काही उलटी, काही सुलटी.

मी अर्थातच तिथं होते. "काय लिहिलंय गं?"

"मला काय माहीत? मला यातलं एक अक्षर येत नाही," मागदा म्हणाली आणि पार्सल ओल्गाच्या दाराशी ठेवलं. मग आपल्या पोर्शनकडे जाताना स्वतःशीच म्हणाली, "तंजावरात लोकरीचे मोजे. आयांचं डोकं ठिकाणावर नसतं."

पार्सल बंदच होतं. चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

मी तीही पत्रिका फ्रिजला लावून ठेवली.

*

यंदाच्या नवरात्रात मात्र बिघडलं.

आमच्याकडे पायऱ्या मांडून बाहुल्या ठेवतात, कोलु म्हणतात त्याला. रमणीबाईंच्या सात पायऱ्या. सगळ्यात वर देव, मग राजे, मग वाणी, भाजीवाले, वाजंत्री. भाडेकरूंनी आपली एकेक बाहुली द्यायची, ही रमणीबाईंची रीत. मागदानं आपल्या गावच्या वेशातली लाकडी बाहुली दिली. ओल्गानं त्यांची ती गोल बाहुली दिली, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी.

मांडायला मी होते. पाचवी पायरी मोकळी होती. मागदाची बाहुली मध्ये ठेवली. शेजारी ओल्गाची. मला मजा वाटली, म्हणून मी ती उघडली. सात निघाल्या. ओळीनं लावल्या तेव्हा जागा पुरेना, म्हणून मागदाची बाहुली जरा कडेला सरकवली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. मागदा आली, पायरीकडे बघत उभी राहिली.

"बघा," ती म्हणाली. "येताना एकटी येते. मग अख्खी पायरी घेते."

बायका हसल्या. त्यांना गंमत वाटली. ओल्गा मागं उभी होती. तमिळ तिला किती कळतं माहीत नाही, पण पायरीकडे दाखवलेलं बोट कळलं. तिचा चेहरा लाल झाला.

सकाळी बघितलं तर सातही बाहुल्या परत एकीच्या पोटात. ती एकटी अगदी भिंतीला टेकून. मागदाची पुन्हा मध्ये.

मागदानंही ते बघितलं. तशीच रमणीबाईंकडे गेली. मला वाटलं, ओशाळली असेल. तर नाही.

"टीचरम्मा, मला हे होत नाही," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी ती आईशी फोनवर बोलते. भिंतीतून सगळं ऐकू येतं. माझा भाऊ लढाईकडच्या सरहद्दीजवळ राहतो. त्याचा फोन लागला नाही की मी इकडं जागी, आणि भिंतीपलीकडे ती भाषा. दिवाळीपर्यंत बघा. ती तरी राहील, नाही तर मी."

रमणीबाई नातवाला गणित सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या, "तिला कुठं घालवू? तिला परतायला घर नाही. तुझं तुला ठरवायचंय."

मागदानं ठरवलं. मेडिकल कॉलेज रोडकडे एक घर बघून आली. अवजारांची पेटी भरायला घेतली. सहा वर्षांच्या पटाश्या, कानशी, एकेक कापडात गुंडाळून. मी रोज काहीतरी निमित्तानं जायची. एकदा डोसा घेऊन गेले, एकदा नुसतीच गेले.

"अक्का, तीन किलोमीटर लांब जातेय मी. पोलंडला नाही," ती म्हणाली.

"तीन किलोमीटरवरून मला काय ऐकू येणार?" मी म्हटलं.

*

तर पोलिसांचं. ते खरं आहे. मागदा ओल्गाला पोलिस स्टेशनात घेऊन गेली. घेऊन गेली आणि दिलं यात किती फरक आहे, ते फुलवालीला कोणी सांगावं? मी त्या ऑटोत बसले होते, दोघींच्या मध्ये.

दिवाळीला आठ दिवस होते. रमणीबाई ओरत्तनाडुला लेकीकडे. दुपारी ओल्गा आली आणि जिन्यातच बसली. बॅग बसमध्ये राहिली होती. झेरॉक्स काढायला म्हणून नेलेला पासपोर्ट तिच्यात. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा ती नुसती रशियनमध्ये बोलत होती. मी "व्हॉट? व्हॉट?" करत होते. मागदा अवजारांची पेटी घेऊन वरच्या पायरीवर उभी. पेटी जड असते. ती धरून उभीच राहिली.

ओल्गा मला सांगत होती, आणि चेहरा बदलत होता मागदाचा.

मग मागदानं पेटी जिन्यातच ठेवली. दोन पायऱ्या उतरली. आणि काहीतरी विचारलं. छोटंसंच. ओल्गा बोलायची थांबली आणि वर बघायला लागली.

ते तमिळ नव्हतं, इंग्रजी नव्हतं. पोलिश मी तिच्या फोनवर सहा वर्षं ऐकलीय. ती पण नव्हती.

स्टेशनात अर्धा तास चाललं. ओल्गा सांगायची, मागदा कारखान्यातल्या तमिळमध्ये कॉन्स्टेबलबाईंना सांगायची, त्या लिहायच्या. बस किती वाजताची, बॅगचा रंग कुठला. एकदाही अडखळली नाही. मी शेजारी बसून फक्त बॅगचा रंग बरोबर आहे असं सांगितलं. बॅग दोन दिवसांनी डेपोत सापडली, पासपोर्टसकट, तो भाग सोडा.

कॉन्स्टेबलबाईंनी विचारलं, "या राहतात कुठं?"

मागदानं पत्ता सांगितला.

"आणि तुम्ही?"

"तोच पत्ता. आम्ही एकाच घरात राहतो. मी पुढं, ती मागं."

अवजारांची ती पेटी आजही जिन्यातच आहे. खाली गेली नाही, वरही गेली नाही. मी अडखळते, पण कोणाला काही म्हणत नाही.

तर स्टेशनात सगळं लिहून झालं. कॉन्स्टेबलबाईंनी कागद मागदापुढं सरकवला. "तुम्ही दुभाषी म्हणून सही करा. आणि इथं भाषा सांगा. विच लँग्वेज?"

मागदानं पेन हातात घेतलं.

"मॅडम, भाषा?"

पेन हलेना. कॉन्स्टेबलबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं.

ओल्गा माझ्या कानाशी आली. "हेडेक?"

"हो," मी म्हटलं.

ओल्गानं कागदाकडे बघितलं, मोकळ्या रकान्याकडे, मग मागदाच्या हाताकडे. मग कॉन्स्टेबलबाईंना म्हणाली, तिच्या त्या एवढ्याशा इंग्रजीत, "पोलिश. आय स्पीक पोलिश."

कॉन्स्टेबलबाईंनी लिहून घेतलं. देश, रशिया. जबाबाची भाषा, पोलिश.

मागदानं खाली सही केली.