एका भिंतीचं घर

आमच्या शेतात एक घर होतं, त्याला नुसती पुढची भिंत होती. भिंतीला दार, दाराला उंबरा, उंबऱ्यापुढं ओटा आणि ओट्याखाली तुळशीवृंदावन. दार ढकलून आत पाऊल टाकलं की माणूस थेट शेतात. मुंबईच्या एका सिनेमा कंपनीनं ते बांधलं होतं, आणि सिनेमा लागल्यावर लोक बैलगाड्या जुंपून ते पाहायला येत.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. माझं लग्न होऊन मी पिंप्राळ्याहून शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला आले होते. पिंप्राळा तेव्हा जळगावाबाहेरचं गावच, पण मी स्वतःला जळगावची म्हणवून घ्यायची. दोन सिनेमे पाहिले होते, त्याची मिजास वेगळी. त्यामुळे चैत्रात कंपनीच्या मोटारी आमच्या बांधावर उभ्या राहिल्या तेव्हा गावातल्या बायकांना शूटिंग म्हणजे काय हे समजावून सांगायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, हा भाग निराळा.

घरात आम्ही पाच जण. सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, सासूबाई, माझे यजमान, मी, आणि थोरली नणंद, अक्का. अक्कांचं लग्न माझ्याही आधी तीन वर्षं झालेलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि सण सरला की सासरचं माणूस न्यायला येतं. अक्का एका आखाजीला आल्या आणि न्यायला कुणी आलंच नाही. महिन्याभरानं निरोप तेवढा आला. तुमची पोर बाप्यासारखी चालते, टाचा रोवून चालते, घरच्या लक्ष्मीची चाल अशी नसते, असं त्यांच्या सासूचं म्हणणं होतं.

चालत होत्या त्या तशा, खोटं कशाला बोलू? माझे यजमान धाकटे. ते हाताशी येईपर्यंत पेरणीला तिफणीमागं आबांनी अक्कांनाच चालवलं होतं. दोरीसारखं सरळ चालायचं, हातानं बी सोडायचं आणि टाचेनं माती दाबत पुढं जायचं. आठव्या वर्षापासून ही सवय. मान वर, पाऊल सरळ, टाच आधी. त्या चालीनं आमच्या घरात कितीतरी कापूस आला होता. पण निरोप आल्यापासून आबा अक्कांच्या पायांकडे बघायचं टाळत. दर आखाजीला ते सकाळपासून रस्त्यावर नजर ठेवून बसत. जावई येईल, लेक नांदायला जाईल, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती.

कंपनीला नायिकेचं माहेर दाखवायचं होतं. समोर सातपुडा आणि मधे उघडी काळी जमीन म्हणून आमचं शेत त्यांच्या मनात भरलं. बांबू, तरट, माती आणि चुना यांची भिंत आठ दिवसांत उभी राहिली. दाराची चौकट मात्र खऱ्या सागाची होती. सिनेमाच्या शेवटी नायिका त्या दारातून निघते आणि भर उन्हात अनवाणी डोंगराकडे चालत जाते, असं होतं. कॅमेरा दाराच्या मागं मांडला होता. म्हणजे घरातून कुणीतरी तिला जाताना बघतंय असं वाटावं.

नटी बिचारी दहा पावलं चालली आणि ओरडत परत आली. चैत्रातली आमची ढेकळं म्हणजे तापलेला तवा. तिच्या तळव्यांना फोड आले. मोठा साहेब डोक्याला हात लावून बसला. मग तिच्या उंचीची एखादी बाई सापडते का, याचा शोध सुरू झाला. मी पदर सारखा करून दोनदा त्याच्या पुढून गेले. माझी उंची त्याच्या खांद्यापर्यंतही नव्हती, पण आशा माणसाला गप्प बसू देत नाही. तेवढ्यात अक्का पाण्याची घागर घेऊन बांधावरून आल्या. साहेब त्या आल्या त्या वाटेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बस. हीच चाल हवी."

आबांनी आधी साफ नाही सांगितलं. साहेबानं शपथेवर सांगितलं की तोंड दिसणार नाही, फक्त पाठ. शेवटी भर दुपारी, बघायला आलेलं गाव घरी पांगल्यावर, नटीची साडी नेसून अक्का त्या दारातून निघाल्या. पहिल्यांदा निघाल्या आणि मधेच मागं वळून बघितलं, बरोबर झालं का म्हणून. दुसऱ्यांदा पुन्हा वळल्या. साहेब म्हणाला, "बाई, वळू नका. हिचं मागं काही राहिलेलं नाही." तिसऱ्यांदा अक्का लिंबाच्या झाडापर्यंत गेल्या, पण झाडापाशी मान थोडी वळलीच. साहेब म्हणाला, तेवढं कापून टाकू.

मला राग आला होता, हे कबूल करते. रात्री मी यजमानांशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. जावयाच्या कानावर गेलं की आपली लेक सिनेमात चालली, तर उरलीसुरली आशाही संपेल.

कंपनी गेली. जाताना साहेब म्हणाला, थोडं काम राहिलंय, परत यावं लागेल, भिंत पाडू नका. आबांनी मान हलवली. तिथंच फसलं सगळं, कारण आबांनी मान हलवली म्हणजे दगडावरची रेघ. मृग आला. सगळीकडे वखर चालला, आणि आमच्या शेतात मात्र आबा त्या घराला वळसा घालून वखर हाकू लागले. यजमान म्हणाले, पाडून टाकू, तीन सऱ्या निघतील.

"शब्द देयेल शे," आबा म्हणाले. "कंपनीवाला जवय येतीन, तवय दार उभं दिसाले पाह्यजे."

पावसाळ्यात चुना वाहून गेला, तरट उघडं पडलं. आपल्या शेतातलं घर, मग ते एका भिंतीचं का असेना, असं उघडंवाघडं कसं ठेवायचं? सासूबाईंनी शेणमातीनं लिंपून काढलं. मग दर अमावास्येला सारवण सुरू झालं, तुळशीला पाणी सुरू झालं. बघता बघता ते सिनेमातल्यापेक्षा खरं दिसू लागलं. कंपनी काही आली नाही.

दिवाळीनंतर सिनेमा धुळ्याला लागला. सिनेमाला नाव होतं, पण आमच्या गावात ते कुणी घेतलं नाही. सगळे 'आपला सिनेमा' म्हणत. धुळ्याला मावससासऱ्यांकडे जायचं निमित्त काढून मी, यजमान आणि अक्का गेलो. आबांना सिनेमाचं सांगितलं नाही. बायकांच्या बाकावर मी आणि अक्का शेजारी बसलो होतो. शेवट आला. दार उघडलं, ती पाठ बाहेर पडली आणि काळ्या जमिनीवरून चालू लागली. तोवर शेंगा फोडत बसलेलं सगळं थिएटर गप्प झालं. माझ्या पलीकडची म्हातारी पदरात तोंड घालून रडत होती.

अक्का रडल्या नाहीत. माणसाला स्वतःची चाल कधी दिसत नाही. त्यांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"वहिनी, मी अशी चालस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग त्यामा वाईट काय शे?"

माझ्या मनातला उरलासुरला राग तिथं गेला. त्या जागी दुसरा आला, तो त्यांच्या सासूवरचा.

त्यानंतर माणसं यायला लागली. शिरपुरातून, धुळ्याहून, एकदा तर पार पहूरहून वऱ्हाडाची परतणारी गाडी वाकडी वाट करून आली. दशम्या बांधून येत, लिंबाखाली बसून खात आणि घर बघत. त्यांची गंमत सांगते. शंभरातले नव्वद जण ओट्यावर चढताना वहाणा काढत. दुसऱ्याचं घर म्हटल्यावर वहाणा काढणं आलंच. मग अदबीनं उंबरा ओलांडत आणि पलीकडे अनवाणी कपाशीच्या सरीत उभे राहत. काटे टोचले की एक पाय वर धरून हसत. घर कुठंय म्हणून मात्र कुणी विचारलं नाही. बायका उंबऱ्याला हळदकुंकू लावत. एका बाईनं खण-नारळ ठेवला. नायिका माहेरातून रिकाम्या ओटीनं गेली, हे तिला सहन झालं नव्हतं.

सगळ्यांना हिंडून दाखवायचं काम अक्कांकडे आलं. नटी इथं बसली, इथं रडली, इथून निघाली. बायका विचारत, "मंग ती पोर परत उनी का नही?"

"सिनेमा सरना तठेच," अक्का म्हणत. "पुढलं कोनले माहीत?"

मी शेजारी ओठ चावून उभी. ओरडून सांगावंसं वाटे की अहो, तुमच्या पुढं उभी आहे ती. पण आबांचा धाक होता.

पुढची आखाजी आली. झोके झाले, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याला छकडा दिसला आणि आबा ताडकन उभे राहिले. जावई आला होता, बरोबर त्याचा म्हातारा चुलता. पाय धुवायला पाणी देताना आबांच्या हातून तांब्या खाली पडला. सासूबाईंनी आत अक्कांची पेटी भरायलाही घेतली. चुलत्यानं सरळ सांगून टाकलं की जावयाच्या आईचा हात मोडलाय, घरात भाकरी टाकायला कुणी नाही. कारण ऐकून माझं डोकं फिरलं, पण आबांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी उठून पाट मांडायला घेतले.

जावयाचं लक्ष दुसरीकडंच होतं. शेत जवळच, घर ओसरीवरून दिसत होतं. "जेवन मंग," तो म्हणाला, "आधी ते घर दखाडा. मी तीन येळ देखा हाऊ सिनेमा."

आबा आणि सासूबाई घरी थांबले, बाकीचे आम्ही सगळे गेलो. अक्का पुढं, डोक्यावर पदर. चार वर्षांनी भेटलेल्या बायकोला त्यानं अजून एक शब्दही विचारला नव्हता. ओट्यावर त्यानं वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला आणि पलीकडच्या तापल्या ढेकळांवर उभा राहिला. जिथं कॅमेरा होता, नेमका तिथं. पाय भाजत होते, तरी दारातून समोरचा डोंगर बघत तो बोलत होता.

"काय चालस ती बाई! जशी जमीन तिनीच शे. आपलाकडन्या बायासले जनमभर जमाव नही."

माझ्या तोंडाशी शब्द आले. अक्कांनी माझा हात घट्ट दाबला.

मग तो त्यांच्याकडे वळला. "चाल आते, आवर. पन घर जाईसन पाय जरा हलका टाकजो. मायले आवडत नही."

अक्का हसल्या. मोठ्यानं नाही, पण मी पाहिलं. म्हणाल्या, "थांबा. दखाडसू तुम्हले, ती कशी चालनी."

त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, दारातून बाहेर पडल्या, ओटा उतरल्या आणि डोंगराकडे चालू लागल्या. मान वर, पाऊल सरळ, टाच आधी. जावई चौकटीला हात लावून बघत होता. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही.

"आते हाई कोठे चालनी?" त्यानं मला विचारलं.

सिनेमा चुलत्यानंही पाहिला असणार, कारण तो म्हातारा मात्र दोन पावलं पुढं आला. डोळ्यांवर हाताची सावली धरून त्यानं बघितलं आणि म्हणाला, "आरे, हाईच ती शे!"

अक्का लिंबाशी पोचल्या. मी श्वास रोखून त्यांच्या मानेकडे बघत होते. त्या वळल्या नाहीत. झाड ओलांडून बांधापर्यंत गेल्या, तिथल्या गुरांच्या पाण्याच्या डोणीत हातपाय धुतले आणि बांधाबांधानं घरी गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्या आबांसमोर उभ्या होत्या. "आबा, माले नही जानं."

आबांनी दाराबाहेर पाहिलं. चार वर्षं ज्या रस्त्याकडे बघितलं तो रस्ता, दारातला छकडा, सगळं त्यांच्या नजरेपुढं असणार. मला त्यांची फार दया आली. मग ते लेकीच्या पायांकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "मंग नको जाऊ."

पाहुण्यांना आम्ही पुरणपोळी आणि आमरस वाढला. चुलता दोनदा रस मागून जेवला. जावई खाली मान घालून जेवला आणि उन्हं उतरल्यावर छकडा गेला.

दुसऱ्या दिवशी आबांनी हातात पहार घेतली आणि ती भिंत पाडली. कंपनीला दिलेल्या शब्दाचं काय, असं यजमानांनी विचारलं. आबा म्हणाले, वाट बघायची ती बघून झाली. तरट आणि बांबू गोठ्याला गेले. सागाची चौकट मात्र त्यांनी जपून काढली आणि शेताच्या कडेला, विहिरीजवळ, अक्कांसाठी दोन खोल्यांचं मातीचं घर बांधायला घेतलं. मृगाच्या आधी त्यावर छप्पर चढलं. चौकट पुढच्या दाराला बसवली. पेरणीला तिफणीमागं पुन्हा अक्का.

माणसं येतच राहिली, आणखी दोन-तीन वर्षं. ऐकीव माहितीवर यायची, सिनेमातली ती चौकट ओळखायची. वहाणा काढायची, उंबरा ओलांडायची, आणि आत खरंच घर असायचं. चूल, रांजण, दांडीवर वाळत घातलेलं लुगडं. गोंधळून दारातच थबकायची. अक्का चुलीपुढून उठून म्हणायच्या, "या, बठा."

मग कुणीतरी विचारायचंच, ती नटी जवळून कशी होती हो?

"ती मीच शे," अक्का सांगायच्या.

कुणाला ते पटे, कुणी हसे. अक्का दोघांनाही पाणी देत.