दोन सीटांची गाडी आणि आईची पेटी

आमच्या ह्यांनी सात सीटांची गाडी विकून नागपूरहून दोन सीटांची, कापडी टपाची, जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा मला पहिली शंका त्यांच्या तब्येतीची आली आणि दुसरी चारित्र्याची. दोन्ही तपासल्या. साखर नेहमीएवढीच निघाली, आणि चारित्र्य बिघडवायला लागतो तो उत्साह त्यांच्यात कुठे सापडला नाही.

तिसरी शंका माझ्या आईवरून होती, आणि ती काही जाईना.

आई तिरोडीला एकटी राहायची. थंडीत मोरीत घसरून पडली. हाड वाचलं, पण पुढच्या वेळी वाचेलच याची खात्री कोण देणार? तिला कायमचं आमच्याकडे बालाघाटला आणायचं ठरलं होतं, आणि नेमकी तेव्हाच मोठी गाडी गेली.

“आत्ताच काहून विकली तुम्ही?”

“तिच्यात माणसं लय बसत होती,” हे म्हणाले.

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे मोठी गाडी असणारा माणूस गल्लीचा बिनपगारी ड्रायव्हर असतो. वरात, गोंदियाचा दवाखाना, मुलगी बघायला जाणारं अख्खं खानदान, सगळं आमच्याच गाडीतून जायचं. समोरचे शेजारी मात्र स्वतःची गाडी कुणाला देत नसत, कारण तिच्यावर ‘पूर्व उपाध्यक्ष’, म्हणजे माजी उपाध्यक्ष, अशी हिंदी पाटी आहे. कशाचे उपाध्यक्ष, हे आजवर कळलेलं नाही. लाल गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, “भाभीजी, बाकी आधी गाड़ी कब आएगी?”

पण गल्लीला टाळण्यासाठी घेतलेली गाडी सासूलाही टाळते, हे ह्यांच्या लक्षात आलं नसेल, यावर माझा विश्वास बसेना.

“रविवारी आईले आणू,” हेच म्हणाले. “येताना तू रेल्वेनं ये.”

निघालो. वारासिवनीच्या पुढे पहिला गावठी ब्रेकर आला, आणि गाडी थांबली.

“उतर.”

“काहून?”

“खालून घासते.”

मी उतरले, ब्रेकर चालत ओलांडला, पुन्हा आत बसले. तिरोडीपर्यंत प्रत्येक गावाने आपापल्या ऐपतीप्रमाणे ब्रेकर घातले आहेत. एका राइस मिलसमोर मोटारसायकलवाल्याने आपुलकीने विचारलं, “धक्का मारू का, काकू?”

आई ओसरीवरच बसली होती. याआधी दोनदा आम्ही तिला न्यायला गेलो होतो, मोठी गाडी आणि समजूत घालायला चार नातेवाईक घेऊन. दोन्ही वेळा तिच्या लग्नातली लोखंडी पेटी टपावर बांधून झाली, आणि ती बघून आई दाराची चौकट धरून बसली. आमच्याकडच्या जुन्या बायकांचं असंच असतं. जिथे पेटी तिथे घर. दोन्ही वेळा पेटी उतरवून आम्ही परत आलो.

या वेळी तिने लाल गाडीभोवती फेरी मारली आणि डिकी उघडायला लावली. आत स्टेपनी होती आणि एका पिशवीपुरती जागा.

“याच्यात पेटी नाही मावत?”

“नाही मावत, आई,” हे म्हणाले.

“मंग मी राहाले नाही चालली. पाहाले चालली.”

तिने लुगड्यांची पिशवी घेतली, गाडीच्या दाराला धरून आत टेकली आणि पाय लांब केले. “पाटावर बसल्यावानी हाये. तू कशी येशील वो?”

“रेल्वेनं.”

“बरं झालं,” आई म्हणाली.

संध्याकाळी मी घरी पोचले, तर गाडी फाटकाशी उभी आणि आई अजून आतच. गल्लीतले लोक कमरेत वाकून तिला नमस्कार करत होते, कारण त्या गाडीत बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलताच येत नाही. पूर्व उपाध्यक्षही वाकले होते. तेवढ्यासाठी मी गाडीला थोडं माफ केलं.

“ब्रेकरवर उतरवलं का तुले?” मी विचारलं.

“काहून? मी काय पोतं आहो?”

तेव्हापासून आई आमच्याकडे ‘पाहायला’ आली आहे. अधूनमधून ती आणि हे तुळशीला पाणी घालायला म्हणून तिरोडीला जातात आणि येताना एक गाठोडं आणतात. कधी गोधडी, कधी पानाचा डबा. एकदा तिचा पाट आला. तो डिकीत मावला नाही, तर आई तो मांडीवर घेऊन आली.

“आता पेटीत काय राह्यलं?” परवा मी विचारलं.

“डांबराच्या गोळ्या,” आई म्हणाली. ती आणि हे, दोघंही हसली.

रात्री जेवताना मी ह्यांना गाठलं. “पेटी मावू नये म्हणूनच ही गाडी घेतली होती ना?”

“मले आवडली म्हणून घेतली.”

त्यांनी मान वर न करता भाजी वाढून घेतली. आईनेही ताटातून मान वर केली नाही. माझा अजून दोघांवरही विश्वास नाही.