थोरल्या बहिणीची जागा

माझी थोरली बहीण मी पाहिलीच नाही. आम्ही आटपाडीकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं पश्चिमेकडं चालायचं, ही आमची रीत. असाच शिरवळजवळ मुक्काम असताना ती तापानं गेली. तान्हीच होती. ओढ्याकाठी तिला पुरलं, वर धोंडे ठेवले. चारा संपला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी निघावंच लागलं. पुढं दरवर्षी त्या वाटेनं जाताना आई तिथं थांबायची. मी शाळेत असताना मेंढरं विकली आणि ती वाट सुटली.

आता मी सांगलीत एका कचेरीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करतो. कुठं प्लॉट पडले, कुठं ऊस जाऊन गोदामं आली, ते रंग भरून दाखवायचं. आईला या कामाचं कधीच कौतुक नव्हतं. ज्यानं वाट पायानं तुडवली नाही त्यानं नकाशे काढू नयेत, असं तिचं मत. मागच्या दिवाळीत मात्र ती म्हणाली, "नकाशं काडतुयास न्हवं? मग माझ्या पोरीची जागा काड."

तिनं खुणा सांगितल्या. देऊळ, ओढा, ओढ्याचं वळण. मी जुना नकाशा नव्या चित्रावर चढवला. देऊळ जागेवर होतं, ओढा नळ्यांत गेला होता. जुन्या नकाशातलं वळण नव्या चित्रावर जुळवलं. जागा हायवेच्या सर्व्हिस रोडखाली आली होती. रस्त्याचा संताप आला, आजूबाजूला उभ्या राहिलेल्या कंपन्यांचा आला, माझ्या धंद्याचाही आला. हाच रस्ता मी कधीतरी हौसेनं लाल रंगवला होता. सापडली नाही म्हणून सांगावं, असं फार वाटलं. पण माझं तोंड आईला वाचता येतं. शेवटी खरं सांगितलं आणि तिला घेऊन गेलो.

ती रस्त्याकडेला बसली. समोरून कंटेनर जात होते. शिफ्ट सुटून आलेल्या कंपनीतल्या पोरी वडापावच्या गाड्याभोवती हसत उभ्या होत्या. आई त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिली. आता तिला रडू फुटणार, म्हणून मी जवळ सरकलो.

"रानात एकलीला टाकून गेलो रं आमी तिला," ती म्हणाली. "कोल्ह्याच्या भ्यानं मला कवा धड झोप लागली न्हाई. आता बरं हाय. मानसं हायती सोबतीला."