मॉडलेनच्या पोटातल्या मनुका

इद्वल प्रिचर्डने संसारात बायकोला एकच थाप मारली, पण ती रोज मारली.

मेन्ना त्याला डब्यात चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव द्यायची. संध्याकाळी रिकामा डबा पाहून विचारायची, "कसा झाला होता?"

"झकास!" हा म्हणायचा. मनुका म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

वेल्समधल्या टेकडीवर एका विद्यापीठाचा गोठा होता. तिथली गुरं इद्वल सांभाळायचा. त्यातली मॉडलेन गाय त्याचा जीव की प्राण. संशोधकांनी तिच्या डाव्या कुशीला झाकणाची खिडकी बसवली होती. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, झाकण उघडायचं आणि पोटातला चोथा मूठभर काढून घ्यायचा. मॉडलेन ढुंकूनही बघायची नाही.

हे काम टेगवेनचं. ती गावातलीच, इद्वलने पाळण्यात पाहिलेली. आता डॉक्टरेट मिळवून गाईच्या पोटातल्या बुरशीच्या मागे लागली होती.

"काका, या बुरशीने श्वास घेणंच सोडलंय," ती सांगायची. "हवा वापरून ताकद बनवणारी भट्टी हिच्या पूर्वजांकडे होती. पण इथं आत हवा कुठली? मग पिढ्यान्‌पिढ्या त्या भट्टीची जनुकं गळत गेली. जुन्या भट्टीच्या जागी बिनहवेची चूल आली. आणि पेंढा फोडायची काही जनुकं तर शेजारच्या जिवाणूंकडूनच उचलली."

"परत नाही केली?"

"नाही."

"म्हणजे आमच्या मेव्हण्याच्या वळणावर गेली. माझी शिडी अजून त्याच्याकडेच आहे."

या बुरशीला वाळका, चिवट पेंढा लागतो, म्हणून मॉडलेनला नुसता पेंढाच घालायचा हुकूम होता. इद्वलला ते बघवेना. पाहुण्यांसमोर खिडकी उघडून दाखवायची आणि जेवायला गवताच्या काड्या? तो गुपचूप बादलीभर बार्लीचा भरडा घालू लागला, वर मेन्नाचा पाव, जो आधी पाखरांना जायचा.

काही आठवड्यांनी टेगवेन रडकुंडीला आली. नमुन्यात बुरशी जवळजवळ उरलीच नव्हती. नळ्या बदलल्या, उपकरणं तपासली, प्रयोगशाळेत दोघांशी भांडून झालं. शेवटी ती स्वतः गोठ्यात आली, हात खोल घातला आणि मूठ उघडली. चोथ्यात चार टपोऱ्या मनुका.

"काका, वेल्समध्ये पेंढ्याला मनुका कधीपासून लागायला लागल्या?"

इद्वल छताकडे बघू लागला. "पोरी, तुझ्या काकूला सांगू नकोस."

"बुरशी मेली माझी! पिठाळ खाऊन पोट आंबलं की ती टिकत नाही!"

गावात अशी गोष्ट किती दिवस लपून राहणार? रविवारी प्रार्थनेनंतर मेन्ना टोपीसकट थेट गोठ्यात. "कुठाय ती? माझा पाव कोण खातं, बघू दे तरी."

टेगवेनने झाकण काढलं. मेन्ना वाकली, नाक दाबलं, बराच वेळ आत बघत राहिली.

"सत्तावीस वर्षं 'झकास' म्हणत होतास!"

"पाव खरंच झकास असतो गं. मॉडलेनला विचार."

मेन्ना आधी फणकारली, मग तिला हसू आवरेना. टोपी चोथ्यात पडली तरी थांबेना.

मॉडलेन पुन्हा पेंढ्यावर आली. शेजारच्या गाईच्या पोटातला रस थोडा तिच्यात ओतला आणि बुरशी हळूहळू परतली. इद्वलच्या डब्यात आता चीज असतं. मनुकांचा पाव टेगवेनच्या घरी जातो. तो तिला आवडतो की नाही, हे मेन्नाने अजून विचारलेलं नाही.