आधी मागचं वाचा

कोलशेतला आमच्या जिममध्ये एक ट्रेनर आहे, त्याला बघितलं की माझं डोकं फिरतं. माझ्या पिशवीतला बिस्किटचा पुडा उलटा करून तो म्हणणार, "ताई, मागचं वाचा ना! हे माणसाने खायचं?"

ह्याच माणसाने माझ्या नवऱ्याला दुखऱ्या खांद्यासाठी कसलंसं पेप्टाइडचं इंजेक्शन विकलं. डॉक्टरची चिठ्ठी नाही, बिल नाही. जिमच्या फ्रिजमधून काढून सरळ हातात दिलं. घरी मी बाटली फिरवून वाचली, तर 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही.' दुसऱ्या दिवशी ती त्याच्या नाकासमोर धरली.

"अहो ताई, नियम आहे म्हणून लिहितात. ते कोण वाचतं?"

परवा मेडिकलमध्ये तो आईचं इन्सुलिन घ्यायला आलेला. नेहमीचं संपलेलं, म्हणून दुकानदाराने दुसरं पुढे केलं. ह्याने खोक्यावरची ओळन् ओळ वाचली आणि ओरडलाच, "डॉक्टरला न विचारता दुसरं देताच कसं? माझ्या आईला टोचायचंय हे!"

मग मागे वळला, मला बघून छान हसला.

"ताई, दादांचा खांदा काय म्हणतोय? दुसरी बाटली आणून ठेवलीये."